पहाटेची आंघोळ आणि अर्धवट संपलेली टाकी: कोल्हापुरातलं एक प्रकरण

मी गॅस शेगडी आणि गिझर दुरुस्तीचं काम करतो, सतरा वर्षं झाली. डिसेंबर उजाडला की एकाच टाइपचे फोन सुरू होतात, गॅस संपला नाही वाटतंय पण येत पण नाही, सकाळी बंद पडतो दुपारी आपोआप चालतो, असं. त्यातलंच एक घर इथं सविस्तर लिहितोय, कारण या घरात मी पहिल्या फेरीला सपशेल चुकलो, आणि दुसऱ्या फेरीला जे सापडलं ते गॅसच्या प्रेशरपेक्षा लय मोठं होतं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, आकडे माझ्या डायरीतले आहेत तेच ठेवलेत.

पार्श्वभूमी

घर कळंब्याकडचं, सात माणसं. आजी, आण्णा, थोरला मुलगा आणि वहिनी, त्यांची दोन शाळकरी पोरं, आणि धाकटा जो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. थोरला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, फर्स्ट शिफ्ट, म्हणजे सातला कंपनीत पाहिजे. पोरांची शाळेची रिक्षा पावणेसातला. त्यामुळं या घरात पहाटे साडेपाच ते पावणेसात असा सव्वा तास म्हणजे जत्राच असते, एकीकडं वहिनींच्या भाकरी आणि डबे, दुसरीकडं एकामागोमाग एक आंघोळी.

टाकी (आमच्याकडं सिलेंडरला टाकीच म्हणतात, पाण्याची ती वेगळी) घराबाहेर ठेवलेली. ही आण्णांची हौस, बांधकाम करतानाच त्यांनी सांगितलेलं की स्वयंपाकघरात टाकी नको. कल्पना चांगलीच आहे, त्यात काही वाद नाही. पण जागा निवडली उत्तरेच्या बोळात. घराची भिंत आणि शेजाऱ्याचं कंपाउंड यात जेमतेम साडेतीन फूट, वर्षभर ऊन नाही, तिथं सिमेंटच्या फरश्या उभ्या करून पेटी केलेली, पुढं प्लायचं दार आणि दाराला कुलूप. एक टाकी लावलेली, एक स्पेअर. तिथनं तांब्याची लाइन भिंतीतनं आत, एक फाटा शेगडीला, दुसरा खालच्या बाथरूममधल्या सहा लिटरच्या गॅस गिझरला.

गच्चीवर सोलर होता पण तीन वर्षं झाली बंद. बोअरचं पाणी, क्षार बसून नळ्या चोंदल्या, दोन फुटल्या, मग कुणी बघितलंच नाही. आणि जिन्याखाली आजींचा तांब्याचा बंब, चिंच लावून घासून ठेवलेला, वापर शून्य.

नेमका त्रास

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी पडली आणि रोजचं नाटक चालू झालं. पहिल्या दोन आंघोळी व्यवस्थित, तिसऱ्या-चौथ्याला गिझर टक टक टक करून बंद, परत चालू केला की अर्धा मिनिट चालतो आणि परत बंद. त्याच वेळी शेगडीची ज्योत बसायची, वहिनींच्या शब्दांत सांगायचं तर, "मी तव्यावर भाकरी टाकलो, पाणी फिरवलो, उलटी करायला बघतोय तर खाली जाळच नाही की." (वहिनी अस्सल कोल्हापूरच्या, त्यामुळं करतो-आलो-गेलोच. बाहेरच्यांना गंमत वाटते.)

मग गॅस संपला म्हणून स्पेअर टाकी लावायची. ती लावली की सगळं फर्स्ट क्लास. जुनी रिकामी म्हणून परत. आणि चौदा-पंधरा दिवसांनी तेच परत.

वहिनी टाकी बदलली की भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला गोल करतात. ते कॅलेंडर मी नंतर बघितलं. उन्हाळ्यात एक टाकी 35-36 दिवस, थंडीत 14-15. आता थंडीत गिझर जास्त चालतो म्हणजे गॅस जास्त लागणारच, पण निम्म्यापेक्षा खाली? आण्णांना वाटत होतं टाकीत गॅसच कमी भरून येतोय, आणि टाकी आणून देणाऱ्या पोराशी त्यांचं यावरनं दोनदा वाजलं पण होतं.

पहिली फेरी

मला फोन आला तेव्हा सांगितलं गेलं ते इतकंच की गिझर मधेच बंद पडतोय. मी सकाळी अकराला गेलो. अकराच का, तर तोपर्यंत दोन कॉल उरकले होते.

गिझर मधेच बंद पडतोय म्हणलं की आमच्या डोक्यात ठरलेला क्रम असतो. आधी सेल. गॅस गिझरला दोन मोठे सेल लागतात ठिणगीला, ते उतरले की पेटत नाही. मग पाण्याची जाळी, कचरा अडकून पाणी कमी आलं तरी गिझर चालू होत नाही. मग टाइमर, बऱ्याच गिझरमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय असते आणि लोकांना ती माहीतच नसते. मी सेल बदलले, जाळी धुतली, बर्नरचे जेट साफ केले, चालू करून दहा मिनिटं बघितला, एकदम मस्त निळी ज्योत. साडेतीनशे रुपये घेतले आणि निघालो.

बोळातल्या पेटीकडं गेलो पण नाही. टाकीचं दार उघडायला किल्ली आण्णांकडं आणि आण्णा गेले होते बाजारात, म्हणलं जाऊ दे.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी फोन. वहिनींचा. डोक्याला साबण, गिझर बंद, आणि बाहेरनं आण्णांचा आवाज की साडेतीनशे रुपये घेऊन गेला तो कुठाय म्हणून विचार.

दुसरी फेरी, पहाटे

मी म्हणलं उद्या साडेपाचलाच येतो, कुणी आंघोळ करायच्या आधी. रंकाळ्यावरनं जाताना धुक्यात गाडीचा लाइट दहा फूट पण जात नव्हता. बोळात थर्मामीटर लावला, साडेबारा डिग्री.

प्रेशर बघायला माझ्याकडं घरगुती जुगाड आहे, एका फळीवर पारदर्शक नळी यूच्या आकारात ठोकलेली, निम्मी पाण्यानं भरलेली, शेजारी पट्टी. घरगुती रेग्युलेटर साधारण 30 सेंटीमीटर पाण्याइतकं प्रेशर देतो. सगळं बंद असताना 30 दाखवलं. एक शेगडी चालू, 29. दोन्ही शेगड्या, 28. थोरल्याची आंघोळ चालू, गिझर पेटला, 26 वर येऊन थांबलं. इथपर्यंत ठीक. दुसरी आंघोळ 24. तिसरी चालू असताना पाणी नळीत असं हळूहळू खाली सरकायला लागलं की नुसतं बघत बसावं, 21, 19, 17, आणि 15 च्या आसपास गिझरनं टक केलं.

रेग्युलेटर खराब असेल म्हणून माझ्या पिशवीतला चांगला लावून बघितला. तेच. म्हणजे रेग्युलेटरला मागनंच काही मिळत नव्हतं.

मग पेटी उघडली. आत टाकी वाकळीत गुंडाळलेली. खरोखरची वाकळ, जुन्या लुगड्यांची, वर सुतळीनं बांधलेली. आजींनी सांगितलं, "गारठतंय म्हणून पोरांनी ऑनलाइन बघितलं, तिकडं टाकीला पांघरूण घालत्यात. मग म्या आपली वाकळ दिली." वाकळ सोडली. खालनं ओली झालेली. टाकीच्या बुडापासून वीतभर उंचीपर्यंत दव साचलेलं, त्याच्या वर टाकी कोरडी, अशी सरळ रेघ, कुणी पट्टी लावून ओढल्यासारखी. आणि अगदी खाली कड्याजवळ बर्फाची पांढरी खर. बोट लावलं तर बर्फाच्या ट्रेला चिकटतं तसं चिकटलं.

कोल्हापुरात साडेबारा डिग्री, आणि टाकीच्या बुडाला शून्याच्या खालची खर!

गॅसवाल्या पोराचा काटा मागवून टाकी मोजली. 19.7 किलो. टाकीच्या वरच्या कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन रंगवलेलं असतं, ते 15.6. म्हणजे आत 4.1 किलो गॅस शिल्लक. 14.2 तले 4.1. हीच टाकी त्या दिवशी "संपली" म्हणून परत जाणार होती. आधीच्या किती टाक्यांत किती गेला ते आता कोण सांगणार, पण आण्णा गप्प बसले आणि त्या पोराला चहा दिला.

हे होतं कसं

टाकीत गॅस पातळ, पाण्यासारखा असतो. तो उकळून वाफ होतो आणि ती वाफ शेगडीला येते. उकळायला उष्णता लागते आणि ती तो स्वतःमधनं आणि टाकीच्या पत्र्यामधनं घेतो, म्हणून उरलेला गॅस गार पडतो. माठाचं तसंच आहे, पाणी पाझरून सुकतं आणि आतलं गार होतं. बाहेरची हवा पत्र्याला परत ऊब देत असते, पण तिचा एक वेग आहे. शेगडीचा एक बर्नर तासाला दीड-दोनशे ग्रॅमच्या हिशोबानं गॅस ओढतो, तेवढी ऊब हवा आरामात भरून काढते. सहा लिटरचा गिझर पेटलेला असताना तासाला 900 ग्रॅम ते किलोच्या हिशोबानं ओढतो, म्हणजे पाच-सहा बर्नर एकदम. हवेला ते झेपत नाही.

टाकी भरलेली असली तर आतला बारा-चौदा किलो पातळ गॅस गार व्हायलाच वेळ लागतो, तोवर आंघोळी उरकतात. चार किलो उरला की तेवढ्याच ओढीला तो झपाट्यानं गार होतो, आणि पत्र्याचा भिजलेला भाग पण कमी झालेला असतो, म्हणजे ऊब आत यायची वाट पण अरुंद.

दुसरं म्हणजे आपल्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन असे दोन गॅस मिसळलेले असतात. प्रोपेन उणे 42 डिग्रीला उकळतो, ब्युटेन उणे अर्धा डिग्री, म्हणजे जवळजवळ शून्यालाच. टाकी नवी असताना प्रोपेन पुढं पळतो आणि तळाला ब्युटेनचं प्रमाण वाढत जातं. शून्याच्या आसपास आलं की ब्युटेनचं प्रेशर संपतं, टाकी हलवली तर आत डुचमळतंय आणि शेगडीला काही नाही. धाकटा जे व्हिडिओ बघत होता ते बर्फाच्या देशातले, तिथं बाहेरच्या टाक्यांत प्रोपेन असतो, आणि तिथली पांघरुणं विजेवर गरम होणारी. नुसती वाकळ घालणं उलटं काम करतं. वाकळ माणसाला ऊब देते कारण माणूस स्वतः गरम असतो. टाकीला ऊब बाहेरच्या हवेतनं मिळते, आणि आपण तिलाच दार लावलं.

दुपारी सगळं परत चालायचं याचं कारण पण हेच. चार-पाच तासांत टाकी हवेइतकी ऊबदार झालेली असायची. मी अकराला गेलो तेव्हा मला मिळाली ती बरी झालेली टाकी.

मधेच सापडलेलं दुसरं

प्रेशरचं उत्तर मिळालं म्हणून मी खुशीत बाथरूममध्ये प्रेशर मोजायची नळी काढायला गेलो आणि खिडकीकडं लक्ष गेलं. काचेच्या पट्ट्यांवर आतनं प्लास्टिकचा कागद, चारी बाजूंनी सेलोटेप. गारठा येतो म्हणून रात्री लावायचा आणि दुपारी काढायचा. अकराला मी आलो होतो तेव्हा तो काढलेला होता.

गिझर आत, दार बंद, खिडकी बंद, आणि एकामागोमाग पाच आंघोळी. गॅस जळताना खोलीतली हवा खातो, हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. मी सहज विचारलं, आंघोळ करून कुणाला चक्कर वगैरे? वहिनी म्हणाल्या, "धाकटं पोरगं रोज डोकं दुखतंय म्हणतंय, शाळेला जायचं नाही म्हणून करत असंल." ते पोरगं चौथ्या नंबरला आंघोळीला जायचं.

मी जागेवर गिझरचा कॉक बंद केला आणि पाना लावून कॉकची वरची पिन पण काढून टाकली. आण्णा चिडले. थोरला पण म्हणाला, आज तरी चालू ठेवा, परवा बघू. इथं मी ऐकलं नाही, आणि पैसे मिळाले नसते तरी ऐकलं नसतं.

कोणकोणते पर्याय होते

त्या सकाळी चहावर सगळ्यांनी आपापलं सांगितलं. आण्णांचा उपाय गरम पाण्याचा. हंडाभर गरम पाणी टाकीच्या बुडावर ओतायचं, ते आधीपासनं करत पण होते. याचं वाईट हे की ते काम करतं. दहा मिनिटं गॅस फुल येतो, मग माणसाला वाटतं आणखी गरम ओतू. कंपन्या टाकीला कसलीही उष्णता द्यायची नाही म्हणून सांगतात ते उगाच नाही, आणि रोजच्या ओलीनं बुडाचं कडं गंजतं ते वेगळंच. थोरल्यानं गेल्या वर्षी टाकी आडवी करून बघितलेली. आडवी केली की वाफेऐवजी पातळ गॅसच रेग्युलेटरकडं येतो. शेगडीतनं हातभर पिवळा जाळ वर आला आणि वहिनींच्या पुढच्या केसांचा वास आला, तेव्हापासनं तो उपाय बंद.

धाकट्याचं म्हणणं पेटीत शंभरचा बल्ब लावू. बंद पेटी, गळती झाली तर तळाला साचणारा गॅस, आणि त्यात विजेचं होल्डर. मी त्याला म्हणलं तू इंजिनिअर होणार आहेस ना रे.

दोन टाक्या एकदम जोडायच्या हा पर्याय तांत्रिकदृष्ट्या चांगला, ओढ निम्मी-निम्मी वाटली जाते. पण एजन्सीच्या मेकॅनिकनं घरगुती कनेक्शनला तसं करून द्यायला नकार दिला आणि असल्या जोडण्या मी माझ्या मनानं करत नाही.

टाकी उन्हात हलवायची ही सगळ्यांच्या तोंडची सूचना. दक्षिणेला अंगणात ऊन मस्त येतं. पण हिशोब बघा, डिसेंबरात कोल्हापुरात सूर्य उगवतो सातच्या आसपास आणि आंघोळी पावणेसातला संपतात. आदल्या दिवशीची ऊब रात्रभरात निघून जाते. म्हणजे उन्हाचा उपयोग दुपारच्या भाताला, पहाटेच्या आंघोळीला नाही.

आजींचं एकच म्हणणं, बंब पेटवा. चिपाडं आहेत, शेणी आहेत, आणि तुमचं ते टकटक नको.

काय केलं

गिझर बाथरूममधनं काढून बाहेर मागच्या उघड्या पडवीत लावला, भिंतीतनं नुसतं गरम पाणी आत. वर पावसाचा पत्रा, तीन बाजू मोकळ्या. एक दिवसाचं काम, पाइपिंगला खर्च आला, आण्णांनी कुरकुर करत दिला.

पेटी हलवली, पण उन्हासाठी नाही. जुन्या पेटीच्या दीड फुटावर गटाराचं चेंबर होतं. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवरनं वाहत चेंबरात उतरणार आणि तिथं साचणार. नवी जागा चेंबरपासनं लांब, सपाट फरशीवर, दार लोखंडी जाळीचं, खाली आणि वर हवा खेळती. याच हवेनं टाकीला ऊब पण मिळते, एका दगडात दोन पक्षी. वाकळ धुऊन आजींना परत. टाकीच्या रबरी नळीवरची तारीख बघितली तर मुदत संपलेली, बदलली, सगळे जोड साबणाच्या पाण्यानं बघितले, आणि 1906 हा गळतीचा नंबर पेटीच्या दारावर ऑइल पेंटनं लिहिला.

मुख्य गोष्ट मात्र वापराची. मी वहिनींना खडू दिला आणि सांगितलं, रोज आंघोळी झाल्या झाल्या टाकीवर दव कुठवर आलंय तिथं आडवी रेघ मारायची. दवाची रेघ म्हणजे आतल्या गॅसची पातळी, काट्याची पण गरज नाही. रेघ वीत-सव्वा वीतीच्या खाली आली की त्या टाकीवर गिझर बंद, गिझरचा कॉक फिरवून ठेवायचा. ती टाकी मग नुसत्या शेगडीवर संपवायची, शेगडीची ओढ तिला झेपते. ते चार-पाच किलो शेगडीवर दहा-बारा दिवस सहज जातात. तेवढे दिवस आंघोळीचं पाणी दुसरीकडनं.

दुसरीकडनं म्हणजे कुठनं, यावर मात्र घरात दोन दिवस चर्चा. शेवटी सोलर साफ करून घेतला, फुटलेल्या दोन नळ्या बदलल्या. थंडीत त्याचं पाणी पहाटेपर्यंत तेवढं कडक राहत नाही, पण दोन बादल्या चांगल्या निघतात, आणि शाळकरी पोरांच्या आंघोळी रात्री झोपायच्या आधी ठेवल्या, तेव्हा पाणी चांगलं तापलेलं असतं. उरलेल्यांना बंब. बंब कुठं ठेवायचा यावर मी अडलो, कारण आजींनी जागा निवडली ती नव्या पेटीच्या शेजारी, ऊब लागेल म्हणून! तो शेवटी घराच्या दुसऱ्या टोकाला गेला.

काय झालं

पुढची टाकी बदलली तेव्हा काट्यावर मोजली, 16.2, कड्यावरचं वजन 15.7. अर्धा किलो शिल्लक, एवढं चालतंच. ती 25 दिवस गेली. जानेवारीत एकदा अंबाबाईच्या दर्शनाला पाहुणे आले, सकाळी आठ आंघोळी सलग, टाकी निम्मी होती तरी शेवटच्या दोघांना ज्योत बसली. तेव्हा कुणी पाणी ओतलं नाही, हलवलं नाही, तासभर थांबले आणि आलं परत. पोराचं डोकं दुखायचं थांबलं. त्यानं शाळेला दांडी मारायला आता पोट धरलंय असं वहिनी सांगतात.

सगळं सुटलं असं मात्र नाही. बंबाचा धूर शेजारच्या खिडकीत जातो आणि त्यांनी एकदा बोलून दाखवलंय. थोरला महिन्यातनं एकदा तरी कॉक उघडून लो टाकीवर गिझर चालवतोच, मग ज्योत बसली की वहिनी खडूच्या रेघेकडं बोट दाखवतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच फोनवर मी एक प्रश्न विचारायला पाहिजे होता, किती वाजता बंद पडतोय. सहा म्हणलं असतं तर मी अकराला गेलोच नसतो, आणि गेलो असतो तर सेल बदलून पैसे घेतले नसते. (ते साडेतीनशे नंतरच्या बिलात वजा केले, आण्णांनी मागायच्या आधी.) किल्ली नाही म्हणून पेटी न उघडता निघालो ही दुसरी. वाकळ तेव्हाच दिसली असती.

पण जे जास्त लागतं ते बाथरूमचं. पहिल्या दिवशी मी बाथरूममधला गिझर उघडून बसवून चालू करून दिला, खिडकी उघडी दिसली म्हणून काही बोललो नाही. खिडकी कोल्हापुरात दिवसा उघडीच असते हो, ती रात्री थंडीला बंद होते. त्यानंतर तीन पहाटा ते पोरगं त्या खोलीत आंघोळीला गेलं.

घरच्यांच्या बाजूनं बघितलं तर टाकी परत देताना एकदा काट्यावर ठेवली असती तर मागच्याच वर्षी कळलं असतं. टाकी आणणाऱ्याकडं काटा असतो, भरलेली घेताना वजन करून मागायचा हक्क आहे हे आण्णांना माहीत होतं, रिकामी पण मोजावी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि भांडण झालं ते त्या पोराशी, ज्याचा यात काडीचा संबंध नव्हता.

आता डिसेंबर-जानेवारीत गिझरचा फोन आला की मी तीन गोष्टी विचारतो, वाजले किती होते, टाकी लावून दिवस किती झाले, आणि गिझर आत आहे का बाहेर. आत म्हणाले की पुढचं बोलणं खिडकी उघडून झाल्यावर.